सोळाव्या वर्षी नाकाचं ऑपरेशन: घाई नेमकी कोणाला?

प्रश्न साताऱ्याच्या एका आईचा आहे. मुलगी अकरावी सायन्सला, सोळा पूर्ण, चष्मा लागलेला. वर्षभरापासून एकच धोशा, नाकाचं ऑपरेशन करायचं. मोबाईलमध्ये दुसऱ्यांच्या नाकांचे फोटो साठवलेत, स्वतःचा फोटो मात्र कोणाला काढू देत नाही. वडील म्हणतात, खूळ आहे. आजी म्हणते, लग्नाच्या वेळी बघू. आईने एका क्लिनिकला फोन केला, तर त्यांनी मुलीला न बघताच पॅकेज सांगितलं आणि वर 'मे महिन्यात या, कॉलेज उघडायच्या आत नवीन नाक' असंही ऐकवलं. आईचे प्रश्न तीन: करावं का, या वयात चालतं का, आणि नाही म्हटलं तर पोरीने जिवाचं काही बरंवाईट केलं तर?

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिले दोन थांबू शकतात. 'मला जगायचंच नाही' असं ती म्हणाली असेल, हातावर ओरखडे-चरे दिसले असतील, जेवण तोडलं असेल, कॉलेजला जाणं बंद केलं असेल, तर याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. नाकाचं नंतर बघू. साताऱ्यात ओळखीचं कोणी नसेल तर १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि घाबरून ऑपरेशनला होकार देऊ नका. धास्तीने 'हो' म्हटलेली दोन-तीन ऑपरेशनं माझ्याही हातून सुरुवातीच्या वर्षांत झाली. त्या मुलांचं दुःख नाकात नव्हतंच, त्यामुळे नाक बदलल्यावर ते तिथून उठलं आणि हनुवटीवर जाऊन बसलं.

आता नाक.

नाकाची वाढ मुलींमध्ये साधारण १५-१६ पर्यंत आणि मुलांमध्ये १७-१८ पर्यंत चालते. नाकाच्या मधोमध जी कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचिक हाडाची भिंत असते (तोच नाकाचा पडदा), तिच्या वाढीने नाक पुढे येतं. वाढ चालू असताना त्या भिंतीला सुरी लावली तर नंतरची वाढ वाकडी-तिकडी होऊ शकते, आणि आज छान दिसणारं नाक विसाव्या वर्षी एका बाजूला झुकलेलं सापडतं. म्हणून मी जन्मतारखेपेक्षा दोन गोष्टी विचारतो: पाळी सुरू होऊन किमान दोन वर्षं झालीत का, आणि गेल्या वर्षभरात उंची वाढली का. गणवेशाची सलवार वर्षभर तोकडी झाली नसेल तर बहुतेक वाढ थांबली आहे. मुलांच्या बाबतीत मात्र सोळाव्या वर्षी मी जवळजवळ नेहमीच थांबवतो.

म्हणजे तुमची लेक शरीराने उंबरठ्यावर आहे. पण उंबरठ्यावर असणं वेगळं आणि आत घेणं वेगळं.

माझ्या ओपीडीत पद्धत अशी आहे की आईवडिलांशी बोलून झालं की त्यांना बाहेर बसवतो, नर्सला आत थांबायला सांगतो आणि मुलीशी किंवा मुलाशी एकट्याने बोलतो. पहिल्या पाच मिनिटांत फारसं काही हाती लागत नाही. मग विचारतो, 'हे पहिल्यांदा कधी खटकलं?' इथे गाडी रुळावर येते. कोणी सांगतं, सातवीत व्हॅनमधली मुलं 'भजी' म्हणायची. कोणी सांगतं, मावशी दर दिवाळीला म्हणते, बाकी नाकी-डोळी नीटस आहे, फक्त नाक बाबांचं घेतलं. आणि कोणी सांगतं, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा स्क्रीनवर दिवसभर स्वतःचाच चेहरा दिसायला लागला, तोवर कधी लक्षच गेलं नव्हतं.

दुसरा प्रश्न विचारतो: 'समज, ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. पुढच्या सोमवारी तुझ्या दिवसात काय बदललेलं असेल?' एका मुलीने सांगितलं होतं, 'काही नाही सर, फक्त बाजूने फोटो काढताना मान वळवणार नाही.' हे शहाणं उत्तर आहे. तिचं ऑपरेशन मी केलं, दोन वर्षांनी, अठरा पूर्ण झाल्यावर. दुसरीने सांगितलं, 'सगळे माझ्याशी बोलायला लागतील.' तिचं मी केलं नाही. ती माझ्यावर चिडून गेली आणि तिने दुसरीकडे करून घेतलं असावं, कारण पुन्हा आली नाही. असंही होतं.

आता एक घरगुती परीक्षा सांगतो, तुमच्या घरात आज संध्याकाळी होईल अशी. तिला म्हणावं, हात लांब करून सेल्फी काढ. मग तुम्ही तोच मोबाईल घेऊन पाच फुटांवर उभ्या राहा आणि मागच्या कॅमेऱ्याने, थोडं झूम करून, समोरून फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवा. फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाकाचा खालचा भाग पाच फुटांवरून दिसतो त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. हे अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जननी गणित मांडून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं आहे. कारण साधं आहे. कॅमेरा इतक्या जवळ असला की नाक त्याला कानापेक्षा फार जवळ पडतं, आणि जवळची वस्तू मोठी दिसते. आगगाडीचं इंजिन समोरून बघितल्यासारखं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलींना स्वतःचं नाक आठवतं ते असं फूटभरावरचं. जगातल्या बाकी कोणालाही, चुंबन घेणाऱ्या आजीचा अपवाद सोडला तर, ते नाक तसं दिसत नाही.

दोन फोटो बघून सगळ्यांचा हट्ट सुटतो असं मात्र नाही. ज्यांच्या नाकावर खरोखर मोठा उंचवटा आहे त्यांना तो पाच फुटांवरूनही दिसतो, आणि मग बोलणं निदान खऱ्या नाकाबद्दल होतं.

काही मुलांच्या बाबतीत मामला वेगळाच असतो. आरशासमोर दिवसाचे तास-दोन तास, किंवा आरसे झाकून टाकणं. दर दहा मिनिटांनी 'आई, खरं सांग, वाईट दिसतं ना?' फोटो काढू न देणं, ओढणी किंवा मास्क तोंडावरून न उतरवणं, पाहुणे आले की खोलीत कोंडून घेणं. आणि समोरच्याला तो दोष शोधूनही धड सापडत नाही. याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. शंभरातल्या साधारण दोघांना हा आजार असतो, आणि त्यातल्या दोन-तृतीयांश लोकांत तो अठराच्या आत सुरू झालेला असतो, म्हणजे अगदी तुमच्या लेकीच्या वयात. आमच्या दारात येणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अर्थातच बरंच जास्त असतं. यावर ऑपरेशन चालत नाही. उलट बिघडतं, कारण आता मुलीकडे बोट दाखवायला खरा व्रण असतो. यावर उपाय आहे तो समुपदेशनाची ठरावीक पद्धत आणि गरज पडल्यास गोळ्या. दोन्ही मानसोपचारतज्ज्ञाकडून, आणि फरक पडतो. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला म्हणूनच टोचलं: स्वतःचा फोटो कोणाला काढू देत नाही. एवढ्यावरून निदान होत नाही, पण माझ्याकडे यायच्या आधी तिथे एकदा जाऊन यावं, असं मी म्हणेन. 'वेड लागलंय म्हणून नेतेय' असं तिला वाटू देऊ नका. ऑपरेशनआधी जशी रक्ताची तपासणी, तशी ही, असं सांगा. माझ्याकडे हा नियमच आहे, त्यामुळे ते खोटंही नाही.

आजींच्या म्हणण्याबद्दलही बोलायला हवं. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेत नाकाचा विषय घरात साधा राहत नाही. माझ्याकडे दरवर्षी अशा मुली येतात, ज्यांना स्वतःला काहीच नको असतं. आई पुढे, काकू सोबत, मुलगी कोपऱ्यात मोबाईल बघत. 'डॉक्टर, तिचं एवढं नाक नीट करून द्या, स्थळं सुरू करायचीत.' त्यातली एक जण आई बाहेर गेल्यावर म्हणाली, 'मला माझं नाक आवडतं, पण तुम्ही आईला सांगू नका.' मी आईला सांगितलं की वैद्यकीय कारणामुळे करता येणार नाही. खोटं बोललो, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तुमच्या घरात मात्र उलट आहे, घाई मुलीला आहे, आणि ती एका अर्थाने चांगली खूण आहे.

ऑपरेशन म्हणजे नक्की काय, हे फोनवरच्या पॅकेजवाल्यांनी सांगितलं नसणार. पूर्ण भूल द्यावी लागते. नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर बारीक छेद घेऊन कातडी वर उचलतात, कूर्चा कापून-शिवून आकार देतात, उंचवटा असेल तर हाड घासतात, रुंद असेल तर दोन्ही बाजूंची हाडं मोडून आत घेतात. आठवडाभर नाकावर साचा असतो. डोळ्यांखाली दहा-पंधरा दिवस काळं-निळं. मग लोकांना वाटतं झालं. झालेलं नसतं. शेंड्यावरची सूज उतरायला वर्ष लागतं, आणि आपल्याकडे नाकाची कातडी जाड असते, त्यामुळे कधी त्याहून जास्त. पहिल्या तीन महिन्यांत नाक आधीपेक्षा मोठं दिसू शकतं. सोळा वर्षांच्या मुलीला 'वर्षभर थांब' हे सांगणं किती अवघड आहे, ते तुम्हीच बघा. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना पुढे दुरुस्तीचं दुसरं ऑपरेशन लागतं, चांगल्या हातांतही. श्वासाला अडथळा, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, शेंडा बधिर राहणं हे वेगळंच.

बसकं नाक उंच करायचं असेल तर आणखी एक सावधगिरी. झटपट काम म्हणून सिलिकॉनची पट्टी बसवतात. टाके कमी, वेळ कमी, पहिल्या दिवसापासून नाक सरळ. पण ती पट्टी शेंड्याच्या कातडीला आतून ढकलत राहते, आणि काही जणांत पाच-दहा वर्षांनी कातडी लाल होऊन, पातळ होऊन, पट्टी बाहेर डोकावते. पंचविशीतल्या अशा मुली मी दुरुस्त केल्या आहेत, आणि ते काम पहिल्यापेक्षा दुप्पट कठीण असतं. स्वतःच्या कानाची किंवा बरगडीची कूर्चा वापरणं लांबचं आणि खर्चाचं काम आहे, पण आयुष्य साठ वर्षं उरलेलं असताना तेच विचारावं.

खर्चावरून आठवलं. 'डॉक्टर, मेडिक्लेममध्ये बसवा ना, पडदा वाकडा आहे असं लिहून द्या.' महिन्यातून एकदा तरी हे ऐकतो. पडदा खरंच वाकडा असेल आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल तर मी लिहितो, आणि तेवढ्या भागाचं बिल वेगळं करून देतो. नसेल तर लिहीत नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही, आणि खोट्या कागदावर मुलीची सही घेऊन तिच्या सज्ञान आयुष्याची सुरुवात का करावी?

सहीचंही सांगून टाकतो. आपल्याकडे सज्ञान वय १८, तेव्हा त्याआधी संमती पालकांची. अल्पवयीन मुलांवर सौंदर्य-शस्त्रक्रिया करायला बंदी घालणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. सगळं डॉक्टरच्या विवेकावर आणि पालकांच्या सहीवर सोडलेलं आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठराखालच्या मुलांना निव्वळ सौंदर्यासाठी बोटॉक्स (सुरकुत्यांचं इंजेक्शन) किंवा फिलर (आकार भरायला कातडीखाली टोचायचं जेल) देणं गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात अल्पवयीन मुलांच्या मोठ्या सौंदर्य-शस्त्रक्रियेआधी किमान ३ महिने थांबायचा नियम वैद्यकीय मंडळाने केला. मी तो नियम इथे स्वतःपुरता उसना घेतला आहे, फक्त तीनचे सहा महिने केलेत. पहिल्या भेटीत तारीख देत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणतो, आणि साधारण निम्मे येतच नाहीत. माझ्या अकाउंटंटला हे आवडत नाही.

तुमच्यासारख्या पालकांना वाटेल, हा माणूस प्रत्येकाला थांबवतो. तसं नाही. काही ऑपरेशनं अशी आहेत की थांबवणंच चूक.

कान घ्या. सुपासारखे पुढे आलेले कान. सहाव्या वर्षापर्यंत कानाची बहुतेक वाढ झालेली असते, त्यामुळे पहिलीत जायच्या सुमारास ऑपरेशन करता येतं. कानामागून छेद, कूर्चेला घडी घालणारे टाके, काही आठवडे रात्री डोक्याला पट्टा. मूल वर्गात चिडवलं जायच्या आत काम होतं. त्याहून सोपं म्हणजे जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कान मऊ असतो तेव्हा साचा बांधून तो वळवता येतो, सुरीच लागत नाही. पण हे बाळंतिणीला सांगणार कोण? आज्या तेलमालीश करून नाक चिमटीत धरतात, त्याने काही होत नाही. कान मात्र खरोखर वळला असता.

दुभंगलेल्या ओठाचं बालपणी ऑपरेशन झालेल्या मुलांचं नाक सोळा-सतराव्या वर्षी नीट करणं, भाजल्याने मान आखडली असेल तर ती सोडवणं, यांना मी सौंदर्य-शस्त्रक्रिया म्हणतच नाही. आणि नाकावर क्रिकेटचा चेंडू बसला तर तेव्हा वय वगैरे बघायचं नाही. मोडलेलं हाड सात-दहा दिवसांत बसवावं लागतं, नंतर ते चुकीच्या जागी जुळतं. मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या आतून फुगून बंद झाल्या असतील तर पडद्यात रक्त साकळलेलं असू शकतं. ते त्याच दिवशी काढावं लागतं, नाहीतर कूर्चा कुजते आणि नाक खोगिरासारखं बसतं. 'सूज उतरली की दाखवू' म्हणून घरी ठेवलेली अशी दोन मुलं माझ्याकडे नंतर आली.

मुलग्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मुलग्यांचे आईवडील विचारत नाहीत. पोरगा उन्हाळ्यातही दोन बनियनं घालतो, खांदे पुढे टाकून चालतो, पोहायला जात नाही, गावच्या नदीवर सगळे उड्या मारत असताना हा काठावर कपडे राखत बसतो. घरात वाटतं, लाजाळू आहे. त्याची छाती मुलीसारखी वाढलेली असते. तेरा-चौदाव्या वर्षी हार्मोन्सच्या गडबडीत सुमारे निम्म्या मुलांना निपलखाली दुखरी गाठ येते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप विरते. त्या वयात शरीर म्हणतं थांब आणि मुलाला एक दिवसही थांबवत नाही. तरी थांबावंच. पण एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावं, कारण क्वचित यामागे औषध, हार्मोनचा विकार किंवा वृषणाची गाठ निघते. आणि त्याच्या व्यायामशाळेच्या पिशवीत कोणते डबे आहेत तेही बघावं. ट्रेनरने दिलेल्या 'मास गेनर'मध्ये किंवा इंजेक्शनात स्टेरॉइड असेल तर छाती वाढते, वृषण लहान होतात, आणि उंचीही लवकर थांबू शकते.

दोन वर्षं उलटून गेली, मिशा आल्या, आवाज फुटला, वजन आटोक्यात आहे आणि तरी छाती तशीच, तर मग सतराव्या-अठराव्या वर्षी ऑपरेशन करायला माझी अजिबात ना नाही. चरबी नळीने ओढायची, गाठ निपलच्या कडेच्या छेदातून काढायची, चार-सहा आठवडे घट्ट जॅकेट. माझ्या आयुष्यातले सर्वांत समाधानी पेशंट हेच. एक जण टाके काढल्यावर माझ्यासमोर टी-शर्ट खोचून बघत होता. खोचलेला टी-शर्ट त्याने चार वर्षांत घातला नव्हता.

मुलींमध्ये याच्या उलट बाजूला छातीचं ओझं असतं. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा, मान-पाठदुखी, घड्यांमध्ये घामाने चिघळणारी कातडी. आकार वर्षभर स्थिर राहिला असेल तर लहान करण्याचं ऑपरेशन विचारात घ्यावं, पुढे बाळाला अंगावर पाजायला अडचण येऊ शकते हे मुलीला समजावून. मोठं करण्यासाठी इम्प्लांट, म्हणजे आत बसवायची कृत्रिम पिशवी, मात्र या वयात मी बसवत नाही. अमेरिकेत सिलिकॉन इम्प्लांटला सौंदर्यासाठी मान्यताच मुळी २२ वर्षांपासून पुढे आहे, सलाइन भरलेल्याला १८ पासून. ते इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही हे सतरा वर्षांच्या मुलीला कळतं, पण चाळिशी तिला खरी वाटत नसते.

आणि जिथे सुरी नाही म्हणून पालक निर्धास्त असतात, तिथेच मला जास्त धास्ती वाटते. वाढदिवसाची भेट म्हणून पार्लरमध्ये ओठांत फिलर. नाकात फिलर भरून 'बिनाऑपरेशनचं नाक'. नाकाच्या आसपासच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून आत गेलं तर कातडी काळी पडून झडते, आणि क्वचित दृष्टी जाते, ती बहुधा परत येत नाही. टोचणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ते विरघळवायचं औषध तयार हवं. पार्लरमध्ये विचारून बघा, औषधाचं नाव तरी माहीत असतं का. रंग उजळण्यासाठी ग्लुटाथायॉनची सलाइन हेही तसंच, त्या कामासाठी त्याला आपल्याकडे मान्यता नाही. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम मुली क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावतात, मग चेहरा लाल, केस फुटलेले, पुटकुळ्या, आणि मलम बंद केलं की आग. बेनामी डब्यांतल्या गोऱ्या करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडं बिघडवतो. आपल्या अकोल्याकडे आणि केरळात अशा केसेस नोंदल्या गेल्या आहेत.

जरा विषयांतर. नाकाच्या शस्त्रक्रियेचा जगाला धडा मिळाला तो आपल्या पुण्याकडून. टिपूविरुद्धच्या युद्धात, १७९२ मध्ये, इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान शत्रूच्या हाती लागला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो नाकाविना राहिला. मग विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नाक घडवलं. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली आणि त्यावरून वीस वर्षांनी कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं. कपाळाची कातडी आम्ही आजही वापरतो. त्या कारागिराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, गिऱ्हाइकाचं ठेवलं. त्या काळी जाहिरात उलटी चालायची.

आजच्या जाहिरातीवरून सर्जन निवडू नका. 'कॉस्मेटिक सर्जन' ही पदवी नाही, विशेषण आहे, कोणीही लावतं. एमएसनंतर तीन वर्षांची एमसीएच प्लास्टिक सर्जरी किंवा त्याच्या तोडीची राष्ट्रीय मंडळाची पदवी आहे का, आणि ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेली आहे का, हे बघा. नाकाच्या बाबतीत या कामाचं खास प्रशिक्षण घेतलेले कान-नाक-घसा तज्ज्ञही उत्तम काम करतात. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतो का, विचारा. 'तुमची किती नाकं पुन्हा करावी लागली?' हेही विचारा. 'एकही नाही' म्हणाले तर उठून या. आणि ज्यांनी मुलीला न बघता फोनवर तारीख दिली, त्यांच्याकडे जायचंच नाही. मे महिना ही त्यांच्या धंद्याची घाई आहे.

तुमच्या लेकीसाठी माझा सल्ला असा. 'नाही' म्हणू नका, 'आत्ता नाही' म्हणा, आणि त्यात फसवणूक नको. आधी मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी हिरवा कंदील दिला तर एका प्लास्टिक सर्जनची भेट, तिला बोलू द्या, तुम्ही आणि वडील बाहेर बसा. वडिलांना म्हणावं, 'खूळ' हा शब्द या घरात वर्षभर बंद. सर्जन तिचे प्रमाणबद्ध फोटो काढून ठेवतील, समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून, ठरावीक अंतरावरून. तिने दुसऱ्यांच्या नाकांचे फोटो घेऊन जायला हरकत नाही, मला ते बघायला आवडतात. वीस फोटोंतली वीस नाकं वेगवेगळी असतील तर तिला काय हवंय ते अजून ठरलेलं नाही. सगळी एकाच धाटणीची असतील तर निदान मागणी स्पष्ट आहे. मग बारावी होऊ द्या. अठरा पूर्ण झाल्यावर तिच्या स्वतःच्या सहीने, तिला तेव्हाही हवं असेल तर, मी असतो तर केलं असतं.

तारीख ठरवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रवेशपरीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत नको, हॉल तिकिटावरचा फोटो आणि सुजलेला चेहरा जुळत नाही म्हणून गेटवर हुज्जत झालेली मी ऐकली आहे. दुसरी गोष्ट चष्म्याची. हाडं मोडून बसवली असतील तर सहा आठवडे चष्म्याचं वजन नाकावर चालत नाही. काही जण तो पट्टीने कपाळाला चिकटवून वाचतात, पण त्याने डोकं उठतं. तिने दोन-तीन महिने आधीपासून कॉन्टॅक्ट लेन्सची सवय करून घ्यावी. आणि जमलं तर आताच्या चष्म्याची फ्रेम एकदा बदलून बघा. जाड काळी फ्रेम नाकाच्या मधोमध आडवी रेघ मारते आणि खालचा भाग आहे त्याहून रुंद भासवते. पारदर्शक आणि थोडी वर बसणारी फ्रेम मागा, साताऱ्यातही मिळते.